विद्यार्थ्यांचं ऑनलाइन लेखन कसं तपासावं: नव्या शिक्षकांसाठी

जून-जुलैत कोल्हापूर परिसरातल्या हायस्कुलांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत नवे शिक्षक रुजू होतात, बी.एड.ची मुलंमुली इंटर्नशिपला येतात. मग पाऊस लागतो, पंचगंगा पात्राबाहेर येते, रस्ते बंद होतात आणि सुट्टी जाहीर होते. 'काम क्लासरूमवर टाका' एवढाच निरोप तुमच्या हातात येतो. काम टाकणं सोपं आहे. पण साठ निबंध परत आल्यावर त्यांचं काय करायचं, हे कुणी बसवून शिकवत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि अकरावी-बारावीचे पर्यावरणाचे प्रकल्पही बघते. आमच्याकडे गूगल क्लासरूम आणि गूगल डॉक्स वापरतात, म्हणून बटणांची नावं तिथली आहेत. तुमच्याकडे दुसरं काही असेल तरी कामाचा क्रम साधारण हाच राहील.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. शेरा वाचून मुलगा पुन्हा लिहायला बसला, तरच तो शेरा पोचला असं धरायचं. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

- संस्थेने दिलेलं ईमेल खातं. वैयक्तिक जीमेलवरही क्लासरूम चालतं, पण मुलांचं काम आणि तुमचे घरचे फोटो एकाच खात्यात ठेवू नका. वैयक्तिक खात्याची १५ जीबी जागा प्रकल्पांच्या फोटोंनी बघता बघता भरते.
- संगणक किंवा लॅपटॉप. फोनवर शेरे देता येतात, पण साठ निबंध फोनवर तपासणं डोळ्यांना सोसत नाही.
- मराठी युनिकोड टायपिंग, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर सारखंच दिसणारं. फोनवर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड पुरेसा आहे.
- वर्गाची यादी, रोल नंबरसकट. मुलांच्या खात्यांची नावं भलतीच असतात. कुणी वडिलांच्या खात्यावरून येतं, कुणी ताईच्या.
- निकषांचा एक कागद. त्याबद्दल पहिल्याच पायरीत सांगते.

## १. काम देतानाच तपासणीची सोय करा

क्लासरूमवर असाइनमेंट तयार करताना एक कोरा डॉक जोडा. त्यात वर फक्त नाव, रोल नंबर आणि विषय यांच्या ओळी ठेवा. फाइल जोडल्यावर शेजारी तीन पर्याय दिसतात: मुलांना फक्त बघता येईल, मुलांना बदलता येईल, आणि प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र प्रत. यातला तिसरा, 'मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट', निवडा. प्रत्येकाची फाइल त्याच्या नावासह आपोआप तयार होते आणि तो लिहीत असतानाही तुम्हाला ती उघडून बघता येते.

सापळा: दुसरा पर्याय चुकून निवडला गेला तर सगळा वर्ग एकाच डॉकमध्ये लिहू लागतो आणि एकाचा परिच्छेद दुसऱ्याच्या हातून पुसला जातो. प्रतीचा पर्याय काम पोस्ट करण्याआधीच निवडावा लागतो, नंतर तो मिळत नाही. म्हणून 'असाइन' दाबण्याआधी तिथे एकदा नजर टाका.

सूचनांच्या चौकटीत निकष लिहा, तीन किंवा फार तर चार. 'पंचगंगेचा पूर' या विषयाला माझे निकष असे असतात: स्वतः पाहिलेला किंवा घरच्यांकडून ऐकलेला एक तरी प्रसंग, निदान दोन खात्रीच्या माहितीच्या गोष्टी, परिच्छेदागणिक एक मुद्दा, पुराशी संबंधित शब्दांचं शुद्धलेखन. क्लासरूममध्ये रूब्रिकचीही, म्हणजे निकष आणि त्यांच्या पातळ्यांच्या तक्त्याची, सोय आहे. तिथे एका कामाला ५० निकष आणि प्रत्येक निकषाला १० पातळ्यांपर्यंत जाता येतं, पण त्या मोहात पडू नका. मुलं चार निकष लक्षात ठेवतात, दहा ठेवत नाहीत.

पहिल्या खर्ड्याला गुणांच्या जागी 'अनग्रेडेड' ठेवा. कारण नवव्या पायरीत आहे.

मुदत मध्यरात्रीची ठेवू नका. गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा या बाजूच्या मुलांना पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची असतात. मी दुपारची वेळ देते आणि एक दिवस हातचा राखते.

## २. फाइल वाचता येते का, ते आधी बघा

तपासायला बसण्याआधी सगळ्या फाइली नुसत्या उघडून बघा. अडचणी ठरलेल्या असतात.

पहिली अडचण फॉन्टची. मूल गावातल्या टायपिंगच्या दुकानातून निबंध करून आणतं. दुकानदार श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करतो आणि तुमच्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. ते फॉन्ट युनिकोड नाहीत, एवढंच. इंटरनेटवर फॉन्ट बदलून देणारी मोफत साधनं आहेत, त्यातून मजकूर काढता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार बऱ्याचदा चुकतात. अशा चुका मुलाच्या माथी मारू नका. पुढच्या वेळी थेट डॉकमध्ये लिहायला सांगा. टायपिंग येत नसेल तर जीबोर्डचा माइक दाबून मराठीत बोललं तरी अक्षरं उमटतात.

दुसरी अडचण वहीच्या फोटोंची. आठ पानांचे आठ फोटो, त्यातली दोन आडवी आणि एकावर हाताची सावली. मुलांना गूगल ड्राइव्ह ॲपमधलं 'स्कॅन' दाखवून ठेवा, म्हणजे सगळी पानं एका पीडीएफमध्ये ओळीने येतात. क्लासरूमच्या मोबाइल ॲपमध्ये अशा पानांवर बोटाने किंवा पेनने खुणाही करता येतात. मात्र पीडीएफवर मुलाला दुरुस्ती करता येत नाही. तिथे सगळा निबंध पुन्हा लिहायला लावण्याऐवजी एकच परिच्छेद निवडून द्या आणि तेवढ्याच पानाचा फोटो मागवा.

तिसरी अडचण परवानगीची. मुलाने क्लासरूमची प्रत सोडून स्वतःच्या ड्राइव्हमधली फाइल बनवली आणि तिची नुसती लिंक खाजगी कमेंटमध्ये चिकटवली, तर 'ॲक्सेस मागा' असं दिसतं. ती फाइल कामाला जोडायला सांगा. 'लिंक असणाऱ्या कुणालाही दिसेल' असं करायला लावू नका. मुलांचं लिखाण पुष्कळदा घरातलं, खाजगी असतं.

## ३. एकदा नुसतं वाचा

माउसवरचा हात काढून निबंध शेवटपर्यंत वाचा. शिक्षकाच्या डोळ्याला ऱ्हस्व-दीर्घ आधी खुपतं. पहिल्या ओळीपासून खुणा करत गेलात, तर तिसऱ्या परिच्छेदातली चांगली गोष्ट तुमच्या नजरेतून निसटते. वाचून झाल्यावर स्वतःला विचारा: या मुलाला काय सांगायचंय? आणि ते नीट पोचवण्यासाठी आत्ता एकच गोष्ट सुधारायची, तर ती कोणती? ती एक गोष्ट सापडली की तपासणीचं अर्धं काम झालं.

## ४. शेरा कुठे लिहायचा

स्क्रीनवर लिहायला तीन जागा आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं आहे.

समासातली कमेंट. शब्द किंवा वाक्य निवडून कंट्रोल-ऑल्ट-एम दाबलं की चौकट उघडते. प्रश्न विचारायला, दाद द्यायला, 'इथे थांब' म्हणायला ही जागा. मुलाला तिथेच उत्तरही लिहिता येतं.

सजेशन. वरच्या कोपऱ्यात 'एडिटिंग'ऐवजी 'सजेस्टिंग' निवडा. तुम्ही केलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि मुलाने बरोबरची खूण दाबली तरच तो कायम होतो. ही सोय बेताने वापरा. तुम्ही वाक्य सुधारून दिलंत तर मूल खुणांवर पटापट बोट मारून मोकळं होतं आणि काय बदललं ते वाचतसुद्धा नाही. मी परिच्छेदात एकाच वाक्याला सजेशन देते, नमुना म्हणून. बाकीची वाक्यं त्याने सुधारायची.

खाजगी कमेंट. ही क्लासरूमच्या उजव्या पट्टीत असते, डॉकमध्ये नसते. संपूर्ण निबंधाबद्दलची एक गोष्ट आणि पुढचं काम इथे लिहायचं. 'पोस्ट' दाबताक्षणी ती मुलाला जाते, म्हणून दाबण्याआधी कुणाची फाइल उघडी आहे ते बघा. बाण दाबून पुढच्या मुलाकडे जाताना गल्लत होते.

सापळा: 'एडिटिंग'मध्येच राहून थेट मजकूर बदलणं. मुलाचं वाक्य जातं, तुमचं येतं आणि कुणी काय लिहिलं होतं ते पानावर दिसत नाही. तपासणी सुरू करण्याआधी मोड बघण्याची सवय लावून घ्या.

## ५. शेऱ्यात काय लिहायचं

या पायरीवर घाई करू नका. बटणं एका दुपारी शिकून होतात, शेरा लिहायला शिकणं वर्षभर चालतं.

वहीवर आपण 'छान', 'अक्षर सुधारा', 'मुद्दे कमी', 'अधिक विस्तार हवा' असे शेरे लिहीत आलो. यातल्या कुठल्याही शेऱ्यावर मुलाला उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. विस्तार म्हणजे कुठे आणि कशाचा? शेरा लिहून झाला की तो मुलाच्या जागी बसून वाचा आणि पहिली कृती कोणती करशील, ते स्वतःला विचारा. उत्तर मिळालं नाही तर शेरा पुन्हा लिहा.

काही नमुने देते. विद्यार्थ्यांची वाक्यं मी इथे तयार केली आहेत, पण अशी वाक्यं तुम्हाला दर पावसाळ्यात भेटतील.

*विद्यार्थी:* 'पाणी खूप वाढले होते. सगळीकडे हाहाकार माजला.'
*नेहमीचा शेरा:* 'अधिक माहिती लिहा.'
*कामाचा शेरा:* 'खूप म्हणजे कुठवर? राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या दिवशी पाणी कुठे होतं ते शोध. आकडा नाही मिळाला तर तुमच्या गल्लीतली खूण सांग: पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं? "हाहाकार" शब्द काढ आणि त्या जागी तू डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिही.'

हा शेरा लांब आहे, मान्य. पण त्यात तीन कामं आहेत आणि तिन्ही करता येण्याजोगी आहेत. एका निबंधात असा एकच लांब शेरा पुरतो.

*विद्यार्थी:* 'शाहू महाराजांनी शिक्षणासाठी आणि मागासलेल्या समाजासाठी फार मोठे कार्य केले.'
*कामाचा शेरा:* 'हे वाक्य कुठल्याही थोर माणसाबद्दल लिहिता येईल. महाराजांचंच ठरेल असं कर. १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. यातलं एक निवड आणि त्यामुळे त्या काळच्या एका घरात काय बदललं असेल ते तीन ओळींत लिही.'

पर्यावरणाच्या प्रकल्पात शेवटच्या पानावर ठरलेली ओळ येते: 'प्रदूषण रोखणे ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.' तिथे मी विचारते, 'तुझ्या पाहणीत कुणाची जबाबदारी दिसली? जयंती नाल्यातून सांडपाणी नदीत कुठे मिसळतं ते तू लिहिलं आहेस. तिथे काय व्हायला हवं आणि कुणी करायला हवं?' उसाचं पाचट जाळण्यावर लिहिणाऱ्या मुलाला, 'तुमच्या शेतात पाचट जाळतात का? का जाळतात, ते वडिलांना विचारून लिही' एवढं सांगितलं की प्रकल्पाला जमीन मिळते. शेतकऱ्याला नुसती नावं ठेवणारा परिच्छेद मग मूल स्वतःच बदलतं.

दाद देतानाही नेमकं बोला. 'छान' लिहू नका. 'आजीने देवघरातला दिवा डोक्यावर धरून नेला, ही ओळ वाचून मी थांबले. असा तपशील दुसऱ्या परिच्छेदातही हवा' असं लिहा. आपल्याला काय जमलं हे मुलाला कळलं, तर ते पुन्हा करता येतं. कच्च्या निबंधातही अशी एक जागा असतेच. ती सापडेपर्यंत निबंध मिटू नका.

आता बोलीबद्दल. आपल्या मुलांच्या लिखाणात कोल्हापुरी येणारच. 'पाणी चढाय लागलंय, जनावरं सोडा,' असं निबंधातली आजी म्हणत असेल तर त्याला हात लावू नका, उलट तिथेच कमेंटमध्ये शाबासकी द्या. तेच मूल स्वतःच्या निवेदनात 'आम्ही जनावरे सोडाय गेलो' लिहितं तेव्हा मी कमेंट करते: 'आजी बोलते ते तसंच ठेव. तू सांगतोस तिथे "सोडायला" लिही, परीक्षेत प्रमाण मराठी अपेक्षित आहे.' बोलीला 'अशुद्ध' म्हणू नका. मुलाला ते आपल्या आईच्या बोलण्याला नाव ठेवल्यासारखं लागतं आणि त्यानंतर ते जपून, पुस्तकी, निर्जीव लिहू लागतं.

किती शेरे द्यायचे? समासात तीन ते पाच आणि खाजगी कमेंटमध्ये एक. पंधरा शेऱ्यांनी भरलेला डॉक फोनवर उघडला की मूल तो लगेच बंद करतं.

## ६. शुद्धलेखन: एका वेळी एकच नियम

सगळ्या चुका दाखवण्याचा हट्ट सोडा. निबंधात सर्वांत जास्त वेळा आलेली एक चूक निवडा आणि तिच्यामागचा नियम पकडा.

पुराच्या निबंधात 'पूराचे', 'पूरामुळे' हमखास येतं. कमेंट अशी: 'पूर, पण पुराचे, पुरामुळे. शब्दाला प्रत्यय लागताना उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं. फूल, फुलाचे. बहीण, बहिणीला. तुझ्या निबंधात असे आणखी शब्द आहेत. शोधून दुरुस्त कर.' शोधायचं काम मुलाचं. तत्सम शब्दांना हा नियम तसाच लागू होत नाही, हे तुम्हाला ठाऊक हवं, पण त्याच कमेंटमध्ये ते घालू नका.

'आणि', 'की', 'त्यामुळे', 'परिस्थिती' या रोजच्या शब्दांसाठी वेगवेगळ्या कमेंट लिहीत बसू नका. त्यांची यादी एकदाच वर्गाच्या स्ट्रीमवर, म्हणजे क्लासरूममधल्या सूचनांच्या पानावर, लावा.

## ७. वेळेचं गणित

साठ मुलं आणि प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे पाच तास. दहा मिनिटं दिली तर दहा. तासिका, पेपर आणि शाळाबाह्य कामं सांभाळून दर निबंधाला एवढा वेळ निघत नाही. म्हणून वर्गाचे रोल नंबरप्रमाणे वीस-वीसचे तीन गट करा. एका कामात एकाच गटाला समासातले सविस्तर शेरे द्या. बाकीच्या दोन गटांना एकेक खाजगी कमेंट, पण नेमकी. सत्रात तीन लेखनकामं झाली की प्रत्येकाची सविस्तर पाळी एकदा येते. हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'माझ्याच वहीवर बाईंनी काही लिहिलं नाही' असं वाटून मूल हिरमुसतं.

वेळ वाचवण्याच्या दोन सोयी आहेत.

एक म्हणजे क्लासरूमची कमेंट बँक. वारंवार लागणारे शेरे त्यात साठवून ठेवा. नंतर कमेंट लिहिताना # टाइप करून एखादा शब्द लिहिला की साठवलेला शेरा समोर येतो. तुमच्या खात्यात ही सोय दिसत नसेल तर साध्या डॉकमध्ये शेऱ्यांची यादी करून तिथून घ्या. बँकेत नियम आणि सूचना ठेवा, दाद कधीही ठेवू नका. मुलं एकमेकांचे फोन बघतात. चौघांना एकच कौतुक शब्दशः आलं तर ते चौघांचंही वाया जातं.

दुसरी सोय बोलून टाइप करण्याची. लांब शेरा फोनवर डॉक उघडून, कमेंटच्या चौकटीत जीबोर्डच्या माइकने मराठीत सांगा. एकदा वाचून दुरुस्त करा आणि पाठवा. बोललेला शेरा लिहिलेल्यापेक्षा मायेचा होतो, असं मला नेहमी वाटतं.

## ८. नकलेचा संशय आला तर

निबंध एकदम गुळगुळीत, वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाच्या नावावर आणि त्यात 'सर्वांगीण विकासाच्या परिप्रेक्ष्यात' असले शब्द. असं दिसलं की डॉकची व्हर्जन हिस्टरी उघडा (कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच). मजकूर थोडा थोडा वाढत गेला की एका झटक्यात आला, ते तिथे दिसतं.

झटक्यात आला म्हणून चोरी ठरत नाही. मुलं आधी वहीत लिहून नंतर टाइप करतात, फोनच्या नोट्समध्ये लिहून चिकटवतात, ताईकडून टाइप करून घेतात. म्हणून आरोप न करता विचारा: 'परिप्रेक्ष्य म्हणजे तुला काय म्हणायचंय? तुझ्या शब्दांत सांग.' हे खाजगी कमेंटमध्ये किंवा समोर बसवून, वर्गासमोर कधीही नाही. मजकूर नेटवरून किंवा एआयकडून घेतल्याचं मुलाने सांगितलं, तर त्याच विषयावर दोन परिच्छेद समोर बसून लिहायला द्या आणि त्यांनाच शेरे द्या. त्या दोन परिच्छेदांतून मुलाला नेमकी कुठे अडचण येते ते कळतं. शिक्षा केली तर ते कळत नाही.

## ९. परत करा, गुण नंतर द्या

इथे बहुतेक नवे शिक्षक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

मुलाने 'टर्न इन' केलं की डॉक बदलण्याचा त्याचा अधिकार जातो, त्याला तो फक्त बघता येतो. तुम्ही कितीही सुंदर शेरे दिलेत, तरी तुम्ही 'रिटर्न' किंवा त्याने स्वतः 'अनसबमिट' दाबेपर्यंत त्याला एक अक्षर बदलता येत नाही की सजेशन स्वीकारता येत नाही. मुलं सांगायला येत नाहीत. 'बाईंनी तपासलंय, झालं' म्हणून गप्प बसतात. यादीत नावांपुढच्या चौकटी निवडून सगळ्यांचं काम एकदम परत करता येतं. गुण न देताही 'रिटर्न' चालतं.

गुणांबद्दल रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास शिक्षणक्षेत्रात वारंवार सांगितला जातो. त्यात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं काम आणि रस दोन्ही वाढले. शेऱ्यांसोबत गुण दिले तिथे शेऱ्यांचा तो फायदा उरला नाही. आपल्या वर्गातही हेच दिसतं. गुण दिसले की मूल शेजाऱ्याचे गुण बघतं आणि डॉक मिटतो. म्हणून पहिल्या खर्ड्याला फक्त शेरे आणि दुसऱ्याला गुण. दुसऱ्या खर्ड्यासाठी गुणांचं वेगळं काम तयार करा किंवा त्याच कामाचं 'अनग्रेडेड' बदलून गुण घाला. रकान्यात भरलेले गुण 'रिटर्न' करेपर्यंत कच्चे राहतात, मुलाला दिसत नाहीत. सगळ्या वर्गाचे भरून, पुन्हा एकदा बघून मग परत करा.

पालक विचारतात, 'गुण का नाहीत?' पहिल्याच पालकसभेत सांगून टाका की गुण दुसऱ्या खर्ड्यावर मिळतात. एकदा सांगितलं की पालक समजून घेतात.

## १०. दुसरा खर्डा

परत करताना खाजगी कमेंटमध्ये काम आणि मुदत दोन्ही लिहा: 'दुसरा परिच्छेद पुन्हा लिही, शुक्रवारी दुपारपर्यंत.' 'शेऱ्यांप्रमाणे सुधारणा कर' असं मोघम नको.

मुलांना एक रीत लावून द्या. कमेंटवर काम झालं की लगेच 'रिझॉल्व्ह' करायचं नाही. आधी 'रिप्लाय'मध्ये एका ओळीत काय बदललं ते लिहायचं: 'पाण्याची खूण घातली, हाहाकार काढला.' शेरा पटला नाही तर तेही लिहायची मुभा द्या. 'मॅडम, मला ते वाक्य तसंच हवंय, कारण…' असं उत्तर आलं, तर ते वाक्य बहुतेक वेळा मी राहू देते. कारण सांगता येणं हीच प्रगती आहे.

दुसऱ्या खर्ड्यात पूर्ण निबंध तपासू नका. पहिल्या वेळी जे मागितलं तेवढंच बघा. व्हर्जन हिस्टरीत आधीचा आणि आत्ताचा मजकूर उघडला की बदल रंगात दिसतात आणि काम झटपट होतं. नव्या चुका काढायचा मोह झाला तर त्या पुढच्या निबंधासाठी राखून ठेवा.

## ११. फोनवरून शिकणारी मुलं

आपल्या वर्गातली पुष्कळ मुलं घरातल्या एकाच फोनवर, रात्री वडील शेतातून किंवा एमआयडीसीतल्या पाळीवरून आल्यावर काम करतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी वर्गात प्रत्यक्ष करून दाखवा. पहिली, गूगल डॉक्सचं ॲप घालून घेणं. नुसत्या ब्राउजरमध्ये फोनवर डॉक नीट बदलता येत नाही आणि समासातल्या कमेंटही मुलांना सापडत नाहीत. दुसरी, डॉक 'ऑफलाइन' उपलब्ध करून ठेवणं, म्हणजे रेंज गेली तरी लिहिता येतं आणि रेंज आल्यावर बदल वर जातात. फोन मिळणारच नसेल त्या मुलाचा निबंध कागदावर घ्या आणि शेरेही कागदावरच द्या, याच पद्धतीने. त्याचे गुण कापू नका.

खाजगीपणाचंही इथेच सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३, अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरतो, म्हणजे आपली जवळजवळ सगळी अकरावी-बारावी त्यात येते. कुणाचा निबंध प्रोजेक्टरवर दाखवायचा असेल तर त्याला विचारून आणि नाव झाकून दाखवा. गुणांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

## १२. वर्ष संपताना

अंतर्गत मूल्यमापनासाठी लागणाऱ्या डॉकच्या पीडीएफ प्रती आणि गुणांचा तक्ता वेळेत उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. क्लास 'आर्काइव्ह' केला तरी फाइली ड्राइव्हमध्ये राहतात, पण मूल्यमापनाची विचारणा आली की ऐनवेळी शोधाशोध नको.

बारावीनंतर संस्थेची खाती बंद होत असतील, तर बोर्डाच्या परीक्षेची गडबड सुरू होण्याआधी, जानेवारीतच, मुलांना त्यांचे निबंध स्वतःकडे उतरवून घ्यायला सांगा. गूगल डॉक्समध्ये 'फाइल', मग 'डाउनलोड', मग वर्ड फाइल. वर्डच्या प्रतीत समासातल्या कमेंटही सोबत येतात, म्हणून पीडीएफऐवजी तीच घ्यायला लावा.